रँग्लरांची यादी

गेल्या विज्ञान दिनाला एका माध्यमिक शाळेत बोलायला गेलो होतो. भाषण संपल्यावर मुलांशी गप्पा सुरू झाल्या, तेव्हा सहज विचारले, "रँग्लर म्हणजे काय, कुणाला माहीत आहे का?" तीन-चार हात झटकन वर गेले. "सर, जीन्स!" सगळा वर्ग हसला. मागे बसलेले एक ज्येष्ठ शिक्षकही हसले. नंतर चहा पिताना ते म्हणाले, "आमच्या घरी वडील म्हणायचे, नीट अभ्यास कर, म्हणजे रँग्लर होशील. रँग्लर म्हणजे नक्की काय, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही. एवढंच कळायचं, की याच्यापुढे काही नाही."

मराठी घरांत दोन-तीन पिढ्या हा शब्द एखाद्या किताबासारखा नावाआधी लावला गेला. रँग्लर परांजपे, रँग्लर महाजनी, रँग्लर नारळीकर. हुशारीची अखेरची पायरी म्हणजे रँग्लर, अशी आपली समजूत होती. पण रँग्लर व्हायला नेमके काय करावे लागे? त्या परीक्षेत काय मोजले जाई? आणि ज्या विद्यापीठाने ही यादी दीडशे वर्षे मिरवली, त्यानेच ती १९०९ नंतर बंद का केली? आपल्याकडे गुणवत्ता, पाठांतर आणि स्पर्धा यांवर बोलताना आपण बहुधा आजच्या क्लासेसपासून सुरुवात करतो. या गोष्टीचे मूळ त्याहून बरेच जुने आहे. ते पाहिले, तर आपल्याच वर्गातील काही गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात.

तीन पायांचे स्टूल

केंब्रिज विद्यापीठाच्या गणिताच्या पदवी परीक्षेला 'ट्रायपॉस' म्हणतात. या नावाचा उगम तीन पायांच्या एका स्टुलात आहे असे सांगतात. पूर्वी पदवीच्या वेळी त्या स्टुलावर बसलेला पदवीधर परीक्षार्थीशी लॅटिनमध्ये वाद घालीत असे. 'रँगल' म्हणजे वाद घालणे, हुज्जत घालणे. म्हणून रँग्लर म्हणजे वादपटू. अठराव्या शतकात हा तोंडी वाद हळूहळू मागे पडला आणि लेखी परीक्षा पुढे आली. त्या शतकाच्या मध्यापासून उत्तीर्णांची यादी गुणानुक्रमे लागू लागली. पहिल्या वर्गातले ते रँग्लर. त्यांच्यातला पहिला तो 'सीनियर रँग्लर', मग दुसरा रँग्लर, तिसरा रँग्लर असा क्रम. सन्मानाच्या यादीत जो अगदी शेवटी येई, त्याला सहाध्यायी पदवीदानाच्या दिवशी थट्टेने एक भला मोठा लाकडी चमचा देत.

पहिल्या क्रमांकाची बातमी वर्तमानपत्रांत येई. वरचे क्रमांक मिळवणाऱ्यांना कॉलेजची फेलोशिप, म्हणजे निश्चिंत उत्पन्न, बहुतेक ठरलेले असे. पुढे धर्मखाते, वकिली, न्यायखाते अशी कुठलीही वाट धरली, तरी हा क्रमांक जन्मभर सोबत राही. एकविसाव्या-बाविसाव्या वर्षी मिळालेला एक आकडा माणसाची ओळख बनून जाई.

परीक्षा कशी असे, याची कल्पना १८५४ सालच्या आकड्यांवरून येते. आठ दिवस, १६ प्रश्नपत्रिका, एकूण साडेचव्वेचाळीस तास आणि २११ प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी तेरा मिनिटांहूनही कमी वेळ. फ्रान्सिस गाल्टन याने १८६९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या पुस्तकात एका वर्षीचे गुण दिले आहेत. एकूण गुण १७,०००. सीनियर रँग्लरला ७,६३४. दुसऱ्याला ४,१२३. सन्मानाच्या यादीत शेवटी आलेल्याला २३७. पहिला आलेला विद्यार्थीसुद्धा शेकडा ४५ गुणांच्या पुढे गेला नव्हता. सर्व प्रश्न कोणालाच पुरे होऊ नयेत, अशाच बेताने ही परीक्षा रचलेली होती. अशा परीक्षेत ज्ञान लागतेच, पण दोन ज्ञानी माणसांमध्ये क्रम ठरतो तो वेगावर.

प्रश्नांची धाटणीही लक्षात घेण्यासारखी आहे. बऱ्याच प्रश्नांचा पहिला भाग म्हणजे पुस्तकातील एखादे प्रमेय व त्याची सिद्धता, जशीच्या तशी लिहायची. दुसऱ्या भागात त्यावर आधारलेले उदाहरण. पहिला भाग जो विचार न करता, हात न थांबवता लिहू शकेल, त्याला दुसऱ्या भागासाठी वेळ उरे. म्हणून शेकडो सिद्धता बोटांत बसवून घेणे भागच होते.

क्लास ही आपली निर्मिती नव्हे

अशी परीक्षा आली, की मागोमाग तिची तयारी करून घेणारा येतोच. केंब्रिजमध्ये विद्यापीठाचे प्राध्यापक होते, कॉलेजचे अध्यापक होते. पण परीक्षेसाठी विद्यार्थी जात ते खाजगी शिकवणीवाल्यांकडे. त्यांना 'कोच' म्हणत. कोचची फी वेगळी. महत्त्वाकांक्षी विद्यार्थी प्राध्यापकांच्या व्याख्यानांना फारसे फिरकत नसत. ती व्याख्याने संशोधनाच्या दृष्टीने कितीही मोलाची असली, तरी परीक्षेत त्यांचा उपयोग नव्हता.

यांतले पहिले मोठे नाव विल्यम हॉपकिन्स यांचे. जॉर्ज स्टोक्स, विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) आणि जेम्स क्लार्क मॅक्सवेल हे तिघेही त्यांचे विद्यार्थी. 'सीनियर रँग्लर घडवणारे' म्हणून लोक त्यांना ओळखत. त्यांच्यानंतर एडवर्ड राउथ आले. १८५४ मध्ये राउथ स्वतः सीनियर रँग्लर होते; त्या वर्षी दुसरा रँग्लर होता मॅक्सवेल. राउथ यांनी सुमारे तीस वर्षांत सहाशेहून अधिक विद्यार्थी शिकवले आणि त्यांतले पंचवीसहून अधिक सीनियर रँग्लर झाले. लहान लहान गट, ठरलेला तास, दर आठवड्याला सरावाची प्रश्नपत्रिका, तिचे गुण सर्वांना दिसतील असे मांडणे, अशी त्यांची पद्धत होती. आपल्या गावातील एखाद्या नावाजलेल्या क्लासचे हे वर्णन आहे, असे वाटले तर नवल नाही.

राउथ हे कुशल शिक्षक होते आणि स्वतः चांगले गणितीही होते. गतिशास्त्रात स्थैर्याच्या कसोटीला त्यांचे नाव आजही आहे. तेव्हा 'कोच म्हणजे वाईट' असे म्हणून सुटका होत नाही. अडचण वेगळीच होती, आणि ती १८४५ सालच्या एका प्रसंगातून नीट दिसते.

हॉपकिन्स यांच्याकडे पडून राहिलेला निबंध

त्या वर्षी विल्यम टॉमसन सीनियर रँग्लर होणार, अशी सर्वांची खात्री होती. विद्यार्थी असतानाच त्याचे संशोधनपर लेख छापून आले होते. प्रत्यक्षात पहिला आला स्टीफन पार्किन्सन आणि टॉमसन दुसरा. केंब्रिजमध्ये पुढे एक आख्यायिका सांगितली जाई. एका प्रश्नाचे उत्तर दोघांनी इतके सारखे लिहिले होते, की परीक्षकांना शंका आली. पार्किन्सनला विचारले, तेव्हा त्याने सांगितले, की हे मी एका गणिताच्या नियतकालिकातील लेखावरून शिकलो. टॉमसनला विचारले, तर तो म्हणाला, "तो लेख मीच लिहिला आहे." ही गोष्ट अक्षरशः खरी असो वा नसो, ती सांगावीशी वाटली यातच बरेच काही आले.

दुसरी गोष्ट मात्र खुद्द केल्व्हिन यांनी सांगितलेली आहे. नॉटिंगहॅमचा एक पवनचक्कीवाला, जॉर्ज ग्रीन, याने १८२८ मध्ये वीज व चुंबकत्वाच्या गणितावर एक निबंध स्वखर्चाने छापला होता. 'ग्रीनचा सिद्धांत' म्हणून आज पदवीच्या वर्गात जे शिकवतात, त्याचे मूळ त्या निबंधात आहे. तो फारसा कुणी वाचला नाही. पुढे वयाच्या चाळिशीत ग्रीन केंब्रिजला विद्यार्थी म्हणून आला आणि १८३७ मध्ये चौथा रँग्लर झाला. त्याचे सर्वांत मोठे काम त्याआधी नऊ वर्षे छापून झाले होते! चार वर्षांनी तो वारला.

टॉमसनने या निबंधाचा कुठेतरी उल्लेख वाचला होता आणि तो त्याच्या शोधात होता. पुस्तकांच्या दुकानांत तो मिळाला नाही. १८४५ च्या जानेवारीत परीक्षा आटोपली. पॅरिसला जायला निघण्याच्या सुमारास टॉमसनने हे हॉपकिन्स यांच्यापाशी बोलून दाखवले. हॉपकिन्स म्हणाले, माझ्याकडे आहेत की प्रती! आणि त्यांनी त्या काढून दिल्या. टॉमसनने तो निबंध प्रवासात वाचायला घेतला, त्याचे महत्त्व ओळखले, पॅरिसमधील गणितींना दाखवला आणि पुढे तो पुन्हा छापून आणला. ग्रीनचे नाव जगाला कळले ते असे.

हॉपकिन्स हे चांगले शिक्षक आणि विद्यार्थीही असामान्य. वर्षानुवर्षे दोघे समोरासमोर बसत होते, आणि त्या विषयावरचा सर्वांत महत्त्वाचा निबंध तिथेच पडून होता. तो बाहेर आला परीक्षा झाल्यावर. हॉपकिन्स यांनी तो मुद्दाम लपवला असे मुळीच नाही. मला त्याचा अर्थ एवढाच दिसतो, की परीक्षेत जे येणार नाही त्याची वर्गात आठवणच होत नाही. आपण सगळे शिक्षक इथे क्षणभर थांबून आपापल्या कपाटात काय आहे ते आठवून पाहू.

दुसरी बाजू

या परीक्षेला फक्त घोकंपट्टी म्हणून मोडीत काढणे मात्र अन्यायाचे होईल. तिच्या यादीत पहिले आलेल्यांत स्टोक्स (१८४१), केली (१८४२), ॲडम्स (१८४३), रॅले (१८६५), एडिंग्टन (१९०४) अशी नावे आहेत. दुसऱ्या आलेल्यांत केल्व्हिन, मॅक्सवेल आणि इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. टॉमसन आहेत. यातील उदाहरणे कठीण आणि भौतिकाशी निगडित असत. पृथ्वीचा आकार, प्रकाशाची वाटचाल, भोवऱ्याची गती यांवर गणित चालवण्याचा तो सराव होता. एखाद्या वेळी परीक्षेतून नवे ज्ञानही बाहेर पडे. ट्रायपॉसनंतर वरच्या विद्यार्थ्यांसाठी 'स्मिथ पारितोषिका'ची परीक्षा असे. १८५४ च्या त्या परीक्षेत स्टोक्स यांनी एक प्रश्न घातला. तो म्हणजे आज आपण ज्याला 'स्टोक्सचा सिद्धांत' म्हणतो तो. तो प्रथम छापला गेला प्रश्नपत्रिकेत, आणि समोर परीक्षा देत बसलेला होता मॅक्सवेल! पुढे मॅक्सवेलने विद्युतचुंबकीय सिद्धांत मांडताना या सिद्धांताचा पुरेपूर उपयोग केला. त्या परीक्षेत राउथ आणि मॅक्सवेल यांना पारितोषिक बरोबरीने विभागून मिळाले. ट्रायपॉसपेक्षा ही परीक्षा वेगाला कमी आणि विचाराला अधिक महत्त्व देई.

आणखी एक गोष्ट आहे, आणि ती आपल्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. गुणांच्या यादीला जात, धर्म, रंग पाहावा लागत नाही. १८९० साली फिलिपा फॉसेट या विद्यार्थिनीचे गुण सीनियर रँग्लरपेक्षाही जास्त भरले. स्त्रियांना यादीत अधिकृत क्रमांक देत नसत. त्यांची नावे वेगळी वाचली जात. म्हणून तिच्या नावापुढे 'सीनियर रँग्लरच्या वर' असे जाहीर करावे लागले. विद्यापीठाने स्त्रियांना पदवी द्यायला १९४८ साल उजाडले. पण 'स्त्रियांना गणित झेपत नाही' हे म्हणणे त्या एका यादीने अवघड करून टाकले.

मुर्डीचा मुलगा

१८९९ साली तेच आपल्या बाबतीत घडले. रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे यांचा जन्म १८७६ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील दापोलीजवळच्या मुर्डी या खेड्यातला. नात्याने भाऊ असलेल्या धोंडो केशव कर्व्यांनी त्यांना शिक्षणासाठी मुंबईला आणले. मग पुण्याचे फर्ग्युसन कॉलेज, आणि १८९६ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजचे सेंट जॉन्स कॉलेज. तीन वर्षांनी यादी लागली, तेव्हा जॉर्ज बर्टविसल या विद्यार्थ्याच्या बरोबरीने परांजपे पहिले होते. सीनियर रँग्लर झालेले ते पहिले भारतीय. त्याआधी १८७४ मध्ये बंगालचे आनंदमोहन बोस रँग्लर झाले होते, पण पहिला क्रमांक हा पहिलाच.

त्या काळात या बातमीचा अर्थ काय झाला असेल, याची कल्पना करून पाहा. हिंदी माणसाला शास्त्रीय विचार झेपत नाही, तो फक्त पाठ करून ओकतो, असे राज्यकर्ते उघड म्हणत होते. त्यांच्याच विद्यापीठात, त्यांच्याच परीक्षकांनी तपासलेल्या पेपरांत, कोकणातल्या खेड्यातला मुलगा पहिला आला. 'रँग्लर' हा शब्द आपल्याकडे किताब झाला तो त्या दिवसापासून. पारतंत्र्यातील समाजाला आपली बुद्धी सिद्ध करायला जे एक माप मिळाले, ते त्याने छातीशी धरले. यात चूक काहीच नव्हते. परांजपे परत आले, फर्ग्युसनचे आजीव सेवक झाले आणि १९०२ पासून दोन दशके त्यांनी तिथले प्राचार्यपद सांभाळले. मूलभूत गणिती संशोधन मात्र त्यांच्या हातून फारसे झाले नाही. त्यांचे आयुष्य शिक्षण, समाजसुधारणा आणि सार्वजनिक कार्य यांत गेले, आणि ते मोठेच होते.

त्याच वर्षीचा दुसरा विद्यार्थी

परांजपे १८९६ मध्ये केंब्रिजला गेले, त्याच वर्षी ट्रिनिटी कॉलेजात जी. एच. हार्डी दाखल झाला. १८९८ मध्ये तो चौथा रँग्लर झाला. हार्डीलाही वरच्या क्रमांकासाठी नावाजलेल्या कोचकडे पाठवले होते. तिथल्या युक्त्या आणि ठोकताळे यांनी त्याला इतका उबग आला, की गणित सोडून इतिहास घ्यावा असे त्याच्या मनात येऊ लागले. त्याला सावरले ते प्राध्यापक लव्ह यांनी. त्यांनी त्याला फ्रेंच गणिती जोर्दां यांचा विश्लेषणावरील ग्रंथ वाचायला सांगितला. गणित म्हणजे खरोखर काय, हे आपल्याला त्या ग्रंथाने प्रथम कळले, असे हार्डीने पुढे लिहिले आहे. म्हणजे केंब्रिजच्या सर्वोच्च परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलाला गणिताची ओळख झाली, ती परीक्षेबाहेरच्या पुस्तकातून!

तो एकटाच नव्हता. बर्ट्रांड रसेल १८९३ मध्ये सातवा रँग्लर झाला आणि परीक्षा संपताच त्याने आपली गणिताची पुस्तके विकून टाकली. पुन्हा गणित वाचायचे नाही, असा त्याने निश्चय केला होता. सुदैवाने तो टिकला नाही. जेम्स विल्सन याची गोष्ट अधिक गंभीर आहे. १८५९ चा हा सीनियर रँग्लर परीक्षा संपल्याबरोबर मानसिकदृष्ट्या कोसळला. बरा झाला तेव्हा त्याच्या लक्षात आले, की केंब्रिजमध्ये शिकलेले उच्च गणित आपण पार विसरून गेलो आहोत. विल्सन पुढे शाळामास्तर झाला, मुख्याध्यापक झाला. त्या काळी इंग्लंडच्या शाळांत युक्लिडची प्रमेये शब्दशः पाठ करून घेत. विल्सनने त्याविरुद्ध आवाज उठवला आणि १८६८ मध्ये शाळांसाठी भूमितीचे नव्या धर्तीचे पुस्तक लिहिले. या वादातून १८७१ मध्ये भूमितीचे अध्यापन सुधारण्यासाठी शिक्षकांची एक संघटना उभी राहिली. तिचेच नाव पुढे 'मॅथेमॅटिकल असोसिएशन' झाले.

या काळात फ्रान्स आणि जर्मनीत कोशी, रीमान, वायरश्ट्रास यांनी गणिताचा पाया नव्याने रचला होता. केंब्रिजच्या मुलांपर्यंत तो पोचायला फार उशीर झाला. विश्लेषणाची नवी, काटेकोर मांडणी इंग्रजीतील विद्यार्थ्यांपुढे ठेवणारे हार्डीचे पाठ्यपुस्तक निघाले ते १९०८ मध्ये.

केंब्रिजमधील अनेक गणितींना ही कोंडी आता जाणवत होती, आणि त्यांत स्वतः सीनियर रँग्लर असलेले फोर्साइथही होते. वृद्ध राउथ यांचा बदलाला विरोध होता. अखेर बदलाच्या बाजूने निर्णय झाला आणि १९०९ ची गुणानुक्रमाची यादी शेवटची ठरली. त्यानंतर नावे वर्गवार, अक्षरानुक्रमे लागू लागली. 'रँग्लर' हा शब्द राहिला, पण त्याचा अर्थ पहिल्या वर्गातील विद्यार्थी एवढाच उरला. विष्णु वासुदेव नारळीकर आणि त्यांचे पुत्र जयंत नारळीकर हे रँग्लर झाले ते या नव्या व्यवस्थेत. दोघांची खरी ओळख झाली ती त्यांच्या संशोधनाने आणि अध्यापनाने. १९२६ मध्ये हार्डीने मॅथेमॅटिकल असोसिएशनच्या अध्यक्षपदावरून ट्रायपॉसविरुद्ध भाषण केले. ही परीक्षा सुधारू नये, मोडून टाकावी, असे त्याचे मत होते. विल्सनच्या चळवळीतून निघालेल्या संस्थेतच हे भाषण झाले.

एक गाइड आणि एक नापास विद्यार्थी

आता या कथेतील सर्वांत गमतीचा भाग. ट्रायपॉसच्या विद्यार्थ्यांची शिकवणी घेणारे जॉर्ज शूब्रिज कार नावाचे एक गृहस्थ लंडनमध्ये होते. त्यांनी १८८० ते १८८६ या काळात एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात सुमारे पाच हजार सूत्रे आणि प्रमेये, एकाखाली एक, क्रमांक घालून दिली होती. सिद्धता बहुतेक नव्हत्याच. असल्या तर एखाद्या ओळीची खूण. उजळणीसाठी सोयीचे पुस्तक. आपल्या भाषेत म्हणायचे तर गाइड!

या गाइडची एक प्रत तमिळनाडूतील कुंभकोणमच्या सरकारी कॉलेजच्या ग्रंथालयात होती. १९०३ च्या सुमारास ती श्रीनिवास रामानुजन या शाळकरी मुलाच्या हाती पडली. सूत्रे होती, सिद्धता नव्हत्या. या मुलाला परीक्षेत ती सूत्रे कोणी विचारणार नव्हते. घड्याळ लावून कोणी समोर बसले नव्हते. तो एकेक सूत्र घेऊन ते खरे का, हे स्वतः शोधू लागला, आणि शोधता शोधता नवी सूत्रे मांडू लागला. त्यापायी इतर विषय मागे पडले. १९०४ मध्ये कॉलेजची शिष्यवृत्ती मिळाली होती, ती इंग्रजीत नापास झाल्याने गेली. पुढे मद्रासला एफ. ए. च्या परीक्षेतही तो नापास झाला. १९१३ च्या जानेवारीत त्याने हार्डीला पत्र लिहिले, आणि १९१४ मध्ये तो केंब्रिजला पोचला. १९१६ मध्ये केंब्रिजने त्याला पदवी दिली ती संशोधनावर. ट्रायपॉस त्याने दिलीच नाही. १९१८ मध्ये तो रॉयल सोसायटीचा फेलो झाला.

इथे एक काळजी घ्यायला हवी. 'रामानुजन नापास झाला, म्हणून परीक्षा निरर्थक' असा निष्कर्ष आपण मुलांसमोर काढू नये. रामानुजनची स्मरणशक्ती विलक्षण होती. शेकडो सूत्रे त्याच्या जिभेवर होती. पाठांतर हा शत्रू नाही. पाढे पाठ नसतील, तर अवयव दिसत नाहीत. सिद्धता नसलेल्या पुस्तकामुळे काही त्रासही झाला, कारण काटेकोर सिद्धता म्हणजे काय हे त्याला हार्डीकडे गेल्यावरच शिकावे लागले. मला महत्त्वाचे वाटते ते असे, की पुस्तक एकच होते. ज्यांना क्रमांक मिळवायचा होता, त्यांनी ते घोकले. ज्याच्यापुढे क्रमांक नव्हता, त्याने त्याला प्रश्न विचारले. फरक पाठ करण्यात नव्हता. पाठ केल्यानंतर पुढे काय, यात होता.

आणि आपण

केंब्रिजने यादी सोडली, आपण ती उचलून धरली. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर, मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था म्हणून. १९०२ च्या भारतीय विद्यापीठ आयोगाने स्पष्ट म्हटले होते, की इथे परीक्षा शिक्षणासाठी नसून शिक्षण परीक्षेसाठी झाले आहे. शालान्त परीक्षेची गुणवत्ता यादी आपल्या पिढीने वर्तमानपत्रांत पाहिली. पहिल्या आलेल्याचा पेढा भरवतानाचा फोटो आणि शेजारी क्लासची जाहिरात. मंडळाची ती यादी आता निघत नाही. पण तिची जागा प्रवेशपरीक्षांच्या क्रमांकांनी घेतली आहे, आणि मोठ्या क्लासेसच्या जाहिरातींत तेच फोटो आहेत. काही मुले या ताणाखाली जीव देतात, हे आपण दरवर्षी वाचतो. विल्सन निदान बरा झाला होता.

मीसुद्धा दहावीला भूमितीची सगळी प्रमेये आकृत्यांतील अक्षरांसकट पाठ केली होती. उत्तम गुण मिळाले. पीएच. डी. च्या पहिल्या वर्षी मार्गदर्शकांनी एका साध्या समीकरणाबद्दल विचारले, "हे खरं कशावरून?" मी पुस्तकाचे नाव सांगितले. ते म्हणाले, "ते पुस्तकाला कशावरून कळलं?" मला उत्तर देता आले नाही. त्यानंतरचे सहा महिने मी खरे तर शाळेचेच गणित पुन्हा शिकत होतो.

व्यवस्था बदलणे आपल्या हाती नाही, आणि परीक्षा आपल्याला सोडणार नाही. गरीब घरातल्या, खेड्यातल्या मुलाला स्वतःला सिद्ध करायला आजही तीच एक वाट आहे. परांजप्यांच्या काळी होती तशीच. तेव्हा मुलांना 'गुणांना महत्त्व नाही' असे सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण आठवड्यातला एक तास आपल्या हाती असतो. त्या तासाला फळ्यावर एकच सूत्र लिहावे, सिद्धता न देता. उदाहरणार्थ, पहिल्या कितीही विषम संख्यांची बेरीज ही वर्गसंख्या असते : १ + ३ = ४, १ + ३ + ५ = ९, १ + ३ + ५ + ७ = १६. मग विचारावे, "हे कशावरून?" वेळ लावू नये, गुण देऊ नयेत, पहिले उत्तर कोणाचे आले हे सांगू नये. कोणी बीजगणित करील, कोणी बरेच आकडे तपासून पाहील. एखादी मुलगी वहीत एक ठिपका काढील, त्याच्या दोन बाजूंनी आणि कोपऱ्यात मिळून तीन ठिपके मांडील, मग त्याभोवती पाच, मग सात, आणि चौरस वाढत गेलेला पाहून म्हणेल, "बाई, दिसतंय की हे!"

त्या शाळेत, निघण्यापूर्वी, मी मुलांना हेच सूत्र दिले होते. पंधरा दिवसांनी त्या ज्येष्ठ शिक्षकांचे पत्र आले. वर्गात नेहमी मागच्या बाकावर बसणाऱ्या एका मुलाने ठिपक्यांचे चित्र काढून आणले होते, आणि खाली प्रश्न लिहिला होता : सम संख्या घेतल्या तर कोणता आकार होतो? शिक्षकांनी लिहिले होते, की उत्तर अजून सांगितलेले नाही.